स्मरणिका छापण्यापूर्वी: बालमानसिक आरोग्य केंद्रांच्या विश्वस्तांना खुले पत्र

विश्वस्त आणि संचालक मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

केंद्राला पंचवीस किंवा पन्नास वर्षं झाली की इतिहास लिहायचा ठराव होतो. समिती नेमली जाते, कपाटातले जुने फोटो बाहेर निघतात. संस्थापकांवर एक लेख, माजी संचालकांच्या आठवणी, कोनशिलेचा फोटो, देणगीदारांची यादी आणि शेवटी 'आजवर इतक्या बालकांना लाभ' असा ठळक टाइपातला आकडा. मुलांच्या मानसिक आरोग्याच्या कामात समाजकार्यकर्ती म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली. अशा स्मरणिका मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत आले आहे आणि दर वेळी एकाच गोष्टीची चुटपुट लागते. दारापर्यंत न पोचलेलं मूल, दारातून परत पाठवलेलं मूल, दोनदा येऊन तिसऱ्यांदा न आलेलं मूल त्यात कुठेच सापडत नाही. तुम्ही आता इतिहास लिहायला बसला असाल, तर सुरुवात त्या मुलांपासून करा, एवढं सांगण्यासाठी हे पत्र.

हा आग्रह का, ते सांगते. या क्षेत्राच्या सव्वाशे वर्षांत जेव्हा जेव्हा काही नवं घडलं, तेव्हा आधी कुणाला तरी एक सुटलेलं मूल दिसलं होतं. आणि केंद्रं जिथे वाट चुकली, तिथे ही मुलं आधी नोंदवहीतून गेली, मग कामातून गेली, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

१८९६ साली फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लाइटनर विटमर या मानसशास्त्रज्ञांकडे एका शिक्षिकेनं चौदा वर्षांच्या मुलाला आणलं. मुलगा हुशार, पण शब्दांची अक्षरं काही केल्या जुळवता येईनात. विटमर यांनी तपासलं तर डोळ्यांत दोष निघाला. चष्मा दिला, मग स्वतंत्र शिकवणी लावली. जगातलं पहिलं मानसशास्त्रीय चिकित्सालय म्हणून ज्याची नोंद होते, ते या मुलापासून सुरू झालं. विटमर यांचं नाव पाठ्यपुस्तकात येतं. पण 'हा आळशी नाही, याला काहीतरी अडतंय' हे आधी ओळखलं त्या शिक्षिकेनं. तुमच्या केंद्राच्या पहिल्या वर्षाची नोंदवही उघडून पाहा. पहिली मुलं कुणी आणली होती? कुठल्या तरी शाळेच्या बाई असतील, दवाखान्यातली परिचारिका असेल, शेजारीण असेल. त्या माणसांना तुमच्या इतिहासात जागा आहे का?

शिकागोमध्ये १८९९ साली पहिलं बालन्यायालय उभं राहिलं. त्यामागे हल हाउस या वस्तीकेंद्राभोवती जमलेल्या स्त्रियांची चिकाटी होती. न्यायालय तर झालं, पण तीच तीच मुलं पुन्हा पुन्हा समोर येऊ लागली. शिक्षा होत होती, कारण कळत नव्हतं. तेव्हा एथेल स्टर्जेस डमर यांनी पाच वर्षांचा खर्च उचलला आणि १९०९ मध्ये विल्यम हीली या डॉक्टरांच्या हाताखाली अशा मुलांना तपासणारी एक संस्था सुरू झाली. हीली शरीर तपासत, बुद्धिचाचणी घेत, घरची माहिती काढत, आणि त्याशिवाय मुलाला स्वतःची हकिगत स्वतःच्या तोंडून सांगू देत. आज हे साधं वाटतं. त्या काळी न्यायालयात मुलाबद्दल सगळे बोलत आणि मूल सोडून सगळ्यांचं लिहून घेतलं जाई. ज्या मुलाला कुणी विचारलंच नव्हतं त्याला विचारायचं, हीच त्या संस्थेची खरी पायाभरणी, असं मी मानते.

यानंतरचा टप्पा स्मरणिकांमध्ये नेहमी अभिमानानं सांगितला जातो आणि तो निम्माच सांगितला जातो. १९२२ पासून कॉमनवेल्थ फंड या धर्मादाय निधीच्या पैशावर अमेरिकेत नमुना केंद्रं निघाली. पहिलं सेंट लुइसला, पुढे डॅलस, लॉस एंजेलिस, क्लीव्हलँड, फिलाडेल्फिया. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ती अशा तिघांनी मिळून एका मुलाचा विचार करायचा, ही आपण आजही वापरतो ती पद्धत तिथे रुळली. लंडनमध्ये १९२७ ला एमॅन्युएल मिलर यांनी पूर्व लंडनच्या वस्तीत काम सुरू केलं, १९२९ ला इझ्लिंग्टनचं केंद्र कॉमनवेल्थ फंडाच्या पैशातून निघालं, आणि १९३७ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयानं बालमार्गदर्शन केंद्र उघडलं. इथपर्यंत सगळे लिहितात.

लिहीत नाहीत ते असं. नमुना केंद्रांचा पैसा मंजूर झाला होता तो बालगुन्हेगारी रोखण्यासाठी, म्हणजे न्यायालयाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या गरीब मुलांसाठी. दहाएक वर्षांत ती मुलं मागे पडत गेली. त्यांच्या जागी नखं खाणारी, हट्ट करणारी, अंथरूण ओलं करणारी मुलं आली. त्यांचं दुःख खोटं नव्हतं, त्यांनाही मदत हवीच होती. पण ती येऊ शकली कारण त्यांचे आईवडील ठरल्या वेळी, ठरल्या दिवशी, महिनोन्‌महिने त्यांना घेऊन येऊ शकत होते. केंद्रांनाही अशीच मुलं सोयीची वाटली, कारण त्यांच्यात फरक दिसे आणि अहवालात तो दाखवता येई. 'ही केस आमच्या पद्धतीत बसत नाही' हे वाक्य तेव्हा जन्माला आलं असावं. यात कुणी दुष्ट नव्हतं. कुणी ठराव करून गरीब मुलांना बाहेर काढलं नाही. वेळापत्रकानं काढलं, प्रतीक्षा यादीनं काढलं, 'यशाचं प्रमाण' या रकान्यानं काढलं.

त्याच काळात व्हिएन्नात मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड ॲडलर आणि त्यांचे सहकारी अगदी वेगळ्या रीतीनं काम करत होते. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी शाळांमध्येच सल्ला केंद्रं उघडली. फी नाही, तज्ज्ञ बिनपगारी, आणि चर्चा शिक्षक-पालकांच्या समोर, म्हणजे एका मुलाच्या निमित्तानं सगळी शाळा शिकायची. चारचौघांत मुलाबद्दल बोलणं आज मला पटणार नाही, पण दार वस्तीत उघडायचं हा विचार पटतो. शहरात अशी तीसएक केंद्रं झाली होती. १९३४ मध्ये राजवट बदलली आणि ती बंद पडली. सरकारच्या मर्जीवर उभं असलेलं काम किती चटकन नाहीसं होतं, हेही या क्षेत्राच्या इतिहासात लिहून ठेवायला हवं.

आता आयांबद्दल. तिघांच्या पद्धतीत तज्ज्ञ मुलाला पाहत आणि समाजकार्यकर्ती आईला. बोलता बोलता आई हीच आजाराचं कारण ठरत गेली. आई फार माया करते म्हणून, आई पुरेशी माया करत नाही म्हणून. १९५० च्या दशकात स्वमग्न मुलांच्या आयांना तर 'तुमच्या कोरडेपणामुळे हे झालं' असं तोंडावर सांगितलं जाई. एका स्वमग्न मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये या समजुतीवर पुराव्यानिशी घाव घातला. तोपर्यंत किती बायकांनी तो दोष घरी नेला असेल आणि जन्मभर उराशी बाळगला असेल, याची कल्पनाही करवत नाही. तुमचं केंद्र त्या काळातलं असेल, किंवा त्या काळात शिकलेल्या माणसांनी उभं केलं असेल, तर तुमच्या जुन्या कागदांत हे सापडेलच. ते झाकू नका. एक अख्खं प्रकरण त्या आयांना द्या.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जवळचं वाटतं ते न्यू यॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णी वस्तीतलं नॉर्थसाइड केंद्र. मेमी क्लार्क यांनी १९४३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. कृष्णवर्णी स्त्रीला त्या पदवीच्या तोडीचं काम न्यू यॉर्कमध्ये मिळेना. निराधार कृष्णवर्णी मुलींच्या एका संस्थेत चाचण्या घेण्याचं काम त्यांनी केलं आणि तिथे त्यांच्या लक्षात आलं की या मुलींना चाचणीपलीकडे द्यायला शहरात कुणाकडेच काही नाही. मेमी आणि त्यांचे पती केनेथ यांनी आधी स्वतःचं केंद्र काढायचा विचार केला नव्हता. ते चालू असलेल्या संस्थांकडे गेले आणि 'तुमचं काम हार्लेममध्येही सुरू करा' असं विनवून आले. एकही संस्था तयार झाली नाही. तेव्हा मेमींच्या वडिलांकडून ९४६ डॉलर उसने घेऊन मार्च १९४६ मध्ये त्यांनी डनबार वसाहतीतल्या तळघरात काम सुरू केलं.

पहिल्या दिवसांत लोक यायला कचरत. मनाच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे मूल वेडं ठरलं, ही धास्ती जगात सगळीकडे सारखीच. पण एका गोष्टीसाठी आईवडील आले. शाळांनी त्यांच्या मुलांवर मतिमंदपणाचा शिक्का मारून त्यांना वेगळ्या वर्गांत बसवलं होतं आणि पालकांना ते पटत नव्हतं. क्लार्क आणि सहकाऱ्यांनी मुलांना नीट बसवून पुन्हा चाचण्या घेतल्या. बरीच मुलं त्या वर्गासाठी ठरलेल्या बुद्ध्यांकाच्या मर्यादेच्या वर निघाली, म्हणजे शाळेच्या स्वतःच्याच नियमानं ती तिथे असायला नको होती. केंद्रानं ते निकाल पालकांच्या हाती दिले आणि त्यांच्या बाजूनं उभं राहिलं.

विश्वस्तहो, इथे जरा थांबून विचार करा. हे केंद्र उपचारांसाठी निघालं होतं, पण लोकांनी त्याला पहिली जी गोष्ट मागितली ती उपचाराची नव्हतीच. त्यांना त्यांच्या मुलाबद्दलचं खरं हवं होतं. क्लार्क दांपत्यानं 'हे आमच्या कक्षेत येत नाही' असं म्हटलं नाही. पुढे तिथे मानसोपचाराच्या बरोबरीनं वाचन सुधारण्याचे वर्ग चालले. उपचार आधी की शिक्षण आणि परिस्थिती आधी, यावर केंद्रात बरीच वर्षं खडाजंगी होत राहिली. मेमी क्लार्क यांचं म्हणणं असं की ज्या घराला धड निवारा नाही आणि ज्या मुलाला रोज त्याच्या रंगावरून हिणवलं जातं, त्याच्या मनावरचा उपचार त्या परिस्थितीला वगळून होऊ शकत नाही. १९७९ पर्यंत त्यांनी ते केंद्र चालवलं. त्या दोघांनी बाहुल्या वापरून केलेले प्रयोग, ज्यात कृष्णवर्णी मुलं गोऱ्या बाहुलीला चांगली आणि काळ्या बाहुलीला वाईट म्हणत, ते रंगावरून वेगळ्या शाळा ठेवण्याविरुद्ध अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९५४ मध्ये दिलेल्या निकालामुळे जगाला माहीत झाले. तळघरातल्या त्या चाचण्या तितक्या माहीत नाहीत. मला मात्र केंद्राचा आत्मा तिथेच दिसतो.

नॉर्थसाइड निघालं त्याच वर्षी, १९४६ मध्ये, त्याच हार्लेममध्ये एका चर्चच्या तळघरात मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी लाफार्ग चिकित्सालय उघडलं. ते संध्याकाळी चाले, कारण दिवसा लोक कामावर असत. फी २५ सेंट. हे तपशील मला कुठल्याही पायाभरणी समारंभापेक्षा मोलाचे वाटतात. केंद्र कुणासाठी आहे ते बाहेरच्या पाटीवरून कळत नाही, उघडण्याच्या वेळेवरून कळतं. म्हणून स्मरणिकेत तुमच्या केंद्राच्या वेळा छापा: सुरुवातीला काय होत्या, कधी बदलल्या, कुणाच्या सोयीसाठी बदलल्या. फी कधी सुरू झाली, तेव्हा किती कुटुंबं यायची थांबली, तेही.

आणि सरकारी योजनेचा एक धडा. ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष केनेडींनी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली. मोठ्या मनोरुग्णालयांऐवजी वस्तीजवळ केंद्रं उभारायची, ही कल्पना थोर होती. सुमारे १,५०० केंद्रं व्हायची होती, त्यांतली जेमतेम निम्मी झाली. त्यांना ज्या पाच सेवा बंधनकारक केल्या, त्या अशा: रुग्णालयात ठेवून उपचार, बाह्यरुग्ण सेवा, दिवसापुरते उपचार, तातडीची मदत, आणि सल्ला व लोकशिक्षण. मुलांसाठीची सेवा या पाचांत नव्हती. ती बंधनकारक व्हायला १९७५ उजाडलं. पुढे १९८१ मध्ये संघीय सरकारचा पैसा एकगठ्ठा राज्यांकडे गेला आणि त्या अटीही सैल पडल्या. १९८२ मध्ये जेन निट्झर या संशोधिकेनं राज्याराज्यांतून माहिती गोळा केली, तेव्हा निघालं ते असं: गंभीर मानसिक त्रास असलेल्या तीस लाख मुलांपैकी दोन तृतीयांश मुलांना हवी ती मदत मिळत नव्हती, आणि निम्म्याहून अधिक राज्यांत मुलांचं मानसिक आरोग्य पाहायला एक पूर्णवेळ माणूसही नव्हता. वीस वर्षं केंद्रं चालू होती, अहवाल निघत होते. मोजत होते ते आलेल्यांना. निट्झर यांनी न आलेल्यांना मोजलं, म्हणून चित्र पालटलं आणि १९८४ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र संघीय कार्यक्रम सुरू झाला.

आता कपाटातल्या कागदांकडे येते. एका संस्थेच्या जुन्या फायली लावून देण्याचं काम एकदा माझ्याकडे आलं होतं. संस्थेचं नाव सांगणार नाही, मुलाची ओळख पटेल असंही काही सांगणार नाही. एका केसपेपरवर तीन ओळी होत्या. वर्गात बोलत नाही, शाळेची चिठ्ठी. आई ठरलेल्या दोन्ही वेळी आली नाही. पालकांचं सहकार्य नाही, केस बंद. खाली सही, तारीख, जांभळा शिक्का. त्याच फायलीत शाळेची ती चिठ्ठी टाचणीनं लावलेली होती. टाचणी गंजून कागदावर तांबूस वण उमटला होता. चिठ्ठी उलटी केली तर मागच्या बाजूला बाईंनी बारीक अक्षरात लिहिलं होतं: आई सकाळी सहाला कामाला जाते, रात्री येते, शनिवारी दुपारी मोकळी असते. शनिवारी दुपारी केंद्र बंद असे. चिठ्ठीची मागची बाजू कुणी पाहिलीच नाही.

असे कागद तुमच्याकडेही आहेत. महोत्सवाच्या साफसफाईत ते रद्दीत जाऊ देऊ नका. कायद्यानं जे नष्ट करायचं ते रीतसर नष्ट करा, पण त्याआधी कुणीतरी जाणत्या माणसानं बसून, नावं न उतरवता, एवढं तरी काढावं: किती केसेस 'सहकार्य नाही' म्हणून बंद झाल्या, किती मुलं प्रतीक्षा यादीवरूनच गळाली, कुठल्या वस्त्यांतून, कुठल्या भाषेच्या घरांतून, कुठल्या वयाची. मुली किती आणि मुलगे किती, हेही पाहा. गडबड करणारा मुलगा लगेच नजरेत भरतो आणि केंद्रात येतो, कोपऱ्यात मिटून बसलेली मुलगी कित्येकदा येतच नाही. मोठेपणीही राहणाऱ्या मानसिक आजारांपैकी एक तृतीयांशांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षाआधी आणि निम्म्यांची अठराव्या वर्षाआधी होते असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती मुलगी पुढे मोठ्यांच्या दवाखान्यात भेटते, तेव्हा आपण म्हणतो, आधी का नाही आलात.

एक कळकळीची विनंती 'यशोगाथां'बद्दल. मुलाचं नाव बदललं म्हणजे झालं, असं होत नाही. वस्तीत सगळे सगळ्यांना ओळखतात. 'अमक्या वर्षी आलेला, वडील वारलेले, आता इंजिनिअर झालेला' एवढं पुरतं. त्या मुलाचं लहानपण त्याच्या मालकीचं आहे. तो आज चाळिशीचा असेल. त्याला शोधा, सन्मानानं विचारा, नको म्हणाला तर तिथेच थांबा. आणि हो म्हणाला तर तुम्ही लिहू नका, त्यालाच लिहू द्या. त्याला खेळण्यांच्या खोलीचा वास आठवत असेल, प्रतीक्षेच्या बाकावर ओळखीचं कुणी पाहील ही भीती आठवत असेल, एखाद्या ताईंचं हसणं आठवत असेल, किंवा तिथे काहीच झालं नाही असंही तो म्हणेल. तेही छापा. हीली यांनी १९०९ मध्ये मुलाला विचारलं होतं. आपण आपल्याच मुलांना, ती मोठी झाल्यावर तरी, विचारायला काय हरकत आहे?

संस्थापकांबद्दल लिहूच नका असं मी म्हणत नाही. ज्यांनी उसन्या पैशांवर, मागून आणलेल्या टेबल-खुर्च्यांवर ही केंद्रं उभी केली, त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. त्यांच्यातल्या बहुतेकांना कोनशिलेवरच्या नावापेक्षा त्या बंद फायलींची चिंता अधिक असती, हे मी खात्रीनं सांगते. मदतनीस, नोंदणीच्या खिडकीवरची बाई, मुलांना खेळवत बसणारी आया, यांच्याही मुलाखती वेळ आहे तोवर घ्या. कोण रडत आलं आणि कोण पायरीवरून परत गेलं, ते डॉक्टरांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

शेवटी दोन कामाच्या गोष्टी. स्मरणिकेच्या समितीत निदान दोन पालक आणि एक लहानपणी केंद्रात येऊन गेलेली व्यक्ती घ्या, पाहुणे म्हणून नव्हे, मताचा अधिकार असलेले सभासद म्हणून. मसुदा छापखान्यात जाण्याआधी त्यांच्या हाती द्या आणि त्यांनी जे खोडलं ते खोडलेलंच राहू द्या. आणि न आलेल्या मुलांची नोंदवही महोत्सवानंतरही चालू ठेवा. दर वार्षिक सभेत जमाखर्चाच्या आधी ती वाचली जावी, असा ठराव याच वर्षी मांडा. अनुमोदनाला कुणी नसेल तर सभेला पालकांना बोलवा.

आपली,
एक समाजकार्यकर्ती